कासवाच्या रक्ताचा स्मिअर: रक्त घेण्यापासून पेशी ओळखण्यापर्यंत

कासवाचं रक्त जांभळ्या टोपीच्या नळीत भरून नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिलं, तर संध्याकाळी रिपोर्ट हमखास हातात पडतो, आणि तो हमखास निरुपयोगी असतो. पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात दाखवलेल्या, प्लेटलेटच्या रकान्यात भलताच आकडा. असा रिपोर्ट बघून कासवाला रक्ताचा कर्करोग झालाय असं कुणी समजू नये. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं मशीन आधी तांबड्या पेशी विरघळवतं आणि मागे ज्या केंद्रकवाल्या पेशी उरतात त्या पांढऱ्या धरून मोजतं. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून तिथे हिशेब जुळतो. कासवाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि प्लेटलेटचं काम करणाऱ्या पेशीतही असतं. मशीनच्या लेखी त्या सगळ्याच पांढऱ्या.

त्यामुळे कासवाचं रक्त आजही स्लाइड, स्टेन (पेशींना रंग देणारं द्रावण) आणि मायक्रोस्कोप घेऊन हातानेच वाचावं लागतं. स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराला स्मिअर म्हणतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात मधूनच एखादं कासव बघणाऱ्या पशुवैद्यांना उपयोगी पडेल अशा बेताने ही पद्धत इथे मांडतो. कासवाच्या शरीराची जी माहिती वाटेत लागेल ती तिथल्या तिथे सांगेन, कारण तिच्याशिवाय स्लाइडवरचं चित्र कळत नाही.

आधी कायद्याचं आणि हात धुण्याचं

आपल्या नद्या-विहिरींतली मऊ पाठीची कासवं, चांदणी कासव, कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती पाळता येत नाहीत, आणि ‘फक्त अभ्यासासाठी’ म्हणूनसुद्धा त्यांच्या अंगाला सुई लावता येत नाही. जखमी कासव सापडलं तर वनविभागाला कळवायचं. समुद्री कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे, तिथे ही कामं रीतसर होतात. या लेखातलं उदाहरण पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून घरोघरी गेलेल्या अमेरिकन लाल कानाच्या कासवाचं आहे. लोक त्याला स्लायडर म्हणतात. (घेताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं, पुढे ताटलीएवढं होतं आणि मग मालक ते तळ्यात सोडून मोकळे होतात. असं करू नका. ते तग धरतं आणि स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं.)

रक्त पशुवैद्यानेच काढायचं. बाकीच्यांचं काम स्लाइडपासून सुरू होतं. कासवाला, त्याच्या टाकीतल्या पाण्याला किंवा नमुन्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

पायरी १: सुई उचलण्याआधी तापमान लिहा

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच गाळली जाते. नमुन्याच्या कागदावर जात, वजन, कवचाची लांबी, नर की मादी, महिना, पाण्याचं तापमान, ऊन खायच्या जागेचं तापमान, आहार आणि मागच्या दोन महिन्यांत जागा बदलली का, एवढं लिहून घ्या. पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजलेलं हवं. ‘कोमट असतं’ हे उत्तर चालणार नाही.

एवढा आग्रह धरायचं कारण असं. कासव अंगची ऊब स्वतः तयार करून टिकवत नाही, बाहेरून घेतं. त्याच्या पेशींतल्या रासायनिक क्रियांचा वेग पाण्याच्या तापमानाबरोबर खाली-वर होतो. स्लायडरला साधारण २४ ते २७ अंश सेल्सियसचं पाणी आणि ३० ते ३२ अंशांची कोरडी, ऊन किंवा दिवा मिळणारी जागा लागते. पुण्या-नाशकात डिसेंबरात गॅलरीतल्या टबमधलं पाणी १२-१४ अंशांवर उतरतं. अशा वेळी पचन मंदावतं, कासव खाणं सोडतं आणि रक्तातल्या लिंफोसाइट, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी, कमी होतात. तेच कासव उन्हाळ्यात तपासलं तर आकडे वेगळे येतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. तापमानाची नोंद नसेल तर मात्र दोन्हींचा अर्थ लावता येत नाही.

नर-मादी ओळखायचं तर मोठ्या स्लायडरमध्ये नराची पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, शेपूट जाड असतं आणि शेपटावरचं छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. मादी आकाराने मोठी, नखं आखूड. पिल्लांमध्ये बाहेरून काहीही कळत नाही. तिथे रक्तातल्या पेशीचे गुणसूत्र मोजूनही उपयोग नाही, कारण स्लायडरला लिंग ठरवणारे वेगळे गुणसूत्रच नाहीत. नर असो की मादी, पेशीत तेच ५० गुणसूत्र. लिंग ठरतं ते अंडं उबताना. २६ अंशांना ठेवलेल्या अंड्यांतून नर येतात, ३१-३२ अंशांना ठेवलेल्या अंड्यांतून माद्या.

हे पेशीत कसं घडतं त्याचा मोठा दुवा २०१८ साली स्लायडरवरच सापडला. थंड अंड्यातल्या गर्भाच्या जननग्रंथीत ‘केडीएम ६ बी’ नावाचं जनुक जोरात चालू असतं. त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) ‘डीएमआरटी १’ या दुसऱ्या जनुकावर लागलेली रासायनिक कुलपं काढतं, ते जनुक जागं होतं आणि वृषण घडायला लागतं. २०२० मध्ये पुढचा दुवा जुळला. ऊब वाढली की पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यामुळे ‘स्टॅट ३’ हे प्रथिन कामाला लागतं आणि ते ‘केडीएम ६ बी’ला दाबून टाकतं. मग अंडाशय घडतं. वेळास-आंजर्ल्याला रिडलेची अंडी हॅचरीत हलवतात तेव्हा खड्ड्याची खोली आणि सावली यांकडे एवढं लक्ष का द्यायचं, ते यावरून ध्यानात येईल. रिडलेचं गणितही तापमानाचंच आहे. वाळू जास्त तापली की माद्यांचं प्रमाण वाढतं. सगळ्याच कासवांना मात्र हा नियम लावू नका. चिनी मऊ पाठीच्या कासवात लिंग गुणसूत्रांवरूनच ठरतं.

पायरी २: किती रक्त, कुठून आणि कोणत्या नळीत

कासवाच्या अंगात वजनाच्या ५ ते ८ टक्के रक्त असतं आणि निरोगी प्राण्यातून त्याचा दहावा हिस्सा काढलेला चालतो. म्हणजे ४०० ग्रॅमच्या स्लायडरमध्ये २० ते ३२ मिलिलिटर रक्त, आणि काढायची कमाल मर्यादा २ मिलिलिटर धरायची. आजारी असेल तर त्याच्या निम्मं. स्मिअर, हातमोजणी आणि पॅक्ड सेल व्हॉल्यूम (रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के) एवढंच करायचं असेल तर अर्धा मिलिलिटर पुष्कळ होतं.

जागा निवडताना एक अडचण आहे ती लसीकेची, म्हणजे लिंफ या निवळ द्रवाची. कासवात रक्तवाहिन्यांच्या अगदी लगत लसीकावाहिन्या असतात. सुई जरा सरकली की पाण्यासारखा द्रव रक्तात मिसळतो, नमुना पातळ होतो आणि पंडुरोग (रक्तातल्या तांबड्या पेशींची कमतरता) नसतानाही प्राणी पंडुरोगी ठरतो. मानेच्या कडेची जुग्युलर शीर मिळाली तर उत्तम. तिथे ही भेसळ कमी होते. मान आत ओढून घेणारं हट्टी कासव असेल तर मानेच्या वर, पाठीच्या कवचाखाली असलेल्या शिरेच्या कोटरातून रक्त मिळतं. तिथे सिरिंजमध्ये आधी निवळ द्रव आला, तर ती सिरिंज बाजूला टाकून नव्याने सुरुवात करणं बरं. शेपटीतून घेतलेल्या रक्तात लसीका हमखास येते.

आता नळी. जांभळ्या टोपीच्या नळीतलं इडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन बऱ्याच कासवांच्या तांबड्या पेशी फोडतं. रक्त ओतल्यावर थोड्या वेळात वरचा द्रव लालसर झाला तर समजावं, नमुना गेला. कासवासाठी हिरव्या टोपीची, लिथियम हेपॅरिनची नळी घ्या. हेपॅरिनचाही एक दोष आहे: स्टेन केल्यावर सगळ्या स्मिअरला निळसर छटा येते आणि पांढऱ्या पेशींचे पुंजके होतात. यावर सोपी तोड म्हणजे सुईतला पहिला थेंब थेट स्लाइडवर घ्यायचा आणि उरलेलं रक्त हेपॅरिनमध्ये भरायचं. दोन-तीन स्लाइड आधीच पुसून, पेन्सिलीने नाव घालून तयार ठेवा.

पायरी ३: स्मिअर ओढणं

थेंब लहान हवा, मसूराच्या दाण्याहूनही लहान. दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरून थेंबाला मागून टेकवायची, रक्त कडेने पसरलं की एका दमात, न दाबता पुढे न्यायची. माणसाच्या रक्ताला जेवढा जोर लावता तेवढा इथे लावला, तर पांढऱ्या पेशी चिरडतात आणि नुसती जांभळी फरफट उरते. स्मिअरमध्ये अशा फुटक्या पेशी खूप दिसल्या तर मोजणीत वेळ घालवू नका, दुसरी स्लाइड घ्या.

वाळवणं हे पावसाळ्यातलं मोठं दुखणं. दमट हवेत स्मिअर सावकाश वाळतो, तांबड्या पेशींत चमकदार पोकळ्या तयार होतात आणि नवखा माणूस त्यांना परजीवी समजतो. स्मिअर ओढला की लगेच हातपंख्यासारखी स्लाइड हलवून किंवा टेबलफॅनसमोर धरून अर्ध्या मिनिटात कोरडा करा. गरम हवा मारू नका. मेथॅनॉलची बाटलीही या दिवसांत पाणी ओढते. बाटली नेहमी घट्ट बंद ठेवा, आणि पेशींच्या कडा फाटक्या दिसायला लागल्या तर आधी मेथॅनॉलवर संशय घ्या.

पायरी ४: स्टेन

कॉलेजात लीशमन स्टेन असतोच, आणि कासवाला तो छान चालतो. स्मिअर झाकला जाईल एवढा स्टेन टाकून २ मिनिटं थांबा. लीशमनमध्ये मेथॅनॉल असल्यामुळे पेशी तेवढ्यात पक्क्या होतात. मग त्यावरच दुप्पट बफर पाणी टाका, सामू (पीएच) ६.८, हळूच फुंकर मारून मिसळा आणि १० मिनिटं ठेवा. ओतून देऊ नका. वाहत्या पाण्याने वरची सोनेरी साय वाहवून काढा, नाहीतर ती पेशींवर बसते. मागची बाजू पुसून स्लाइड उभी वाळवा. जिम्सा वापरणार असाल तर मात्र आधी मेथॅनॉलमध्ये ५ मिनिटं वेगळं ठेवावं लागतं. तीन बरण्यांत बुडवून मिनिटभरात होणारे झटपट स्टेन घाईच्या वेळी ठीक आहेत, पण त्यांत बेसोफिलचे कण धुऊन जाऊ शकतात आणि कासवात बेसोफिल महत्त्वाचे असतात.

पायरी ५: आधी १० एक्सवर फिरा

तेल टाकायची घाई नको. १० एक्सवर आख्खा स्मिअर फिरून बघा: पेशी एकाच थरात कुठे पसरल्यात, कडेला गुठळ्या आहेत का, कृमींची पिल्लं दिसतात का. जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तीच मोजायची जागा. ती सापडली की ४० एक्स, मग तेल टाकून १०० एक्स.

पायरी ६: तांबड्या पेशीपाशी थांबा

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही पेशी चकित करते. लांबट अंडाकृती, साधारण २० मायक्रोमीटर लांब आणि ११-१२ रुंद. माणसाची तांबडी पेशी जेमतेम साडेसात. पेशीद्रव नारिंगी-गुलाबी, एकसारखं. मधोमध गडद जांभळं केंद्रक, त्याची कड किंचित खडबडीत आणि आत गुणसूत्रांचा माल गोळ्या-गोळ्यांनी बसलेला.

पेशी मोठ्या, पण संख्येने कमी. माणसात एका मायक्रोलिटरला ४० ते ५५ लाख, कासवात बहुधा १० लाखांच्या आत. आयुष्य मात्र दांडगं: माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, अमेरिकन पेटी-कासवात ती ६०० ते ८०० दिवस टिकते असं आढळलंय. कासवाचा सगळा कारभारच संथ आणि त्याच्या पेशी त्याच चालीने चालतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की रक्त गमावलेल्या कासवाची भरपाई आठवड्यांत होत नाही, महिने लागतात. पंधरा दिवसांनी फेरतपासणी करून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

नवी पेशी ओळखायची खूण: ती गोलसर असते, पेशीद्रवात निळी झाक, केंद्रक मोठं आणि फिकं. निरोगी कासवात शंभरात एखादी. पंडुरोग आहे आणि अशा पेशी वाढल्या आहेत, तर शरीर भरपाई करतंय. पंडुरोग आहे आणि त्या दिसतच नाहीत, तर थंडी, उपासमार किंवा जुना आजार शोधा.

तांबड्या पेशीच्या पेशीद्रवात कधी एक बारीक निळा-काळा ठिपका दिसतो. कासवात तो फार वेळा सापडतो. जुन्या पेशी-अंगकांचा तो उरलेला चुरा आहे, परजीवी नाही. खरा परजीवी, म्हणजे हिमोग्रेगरीन, दिसायला निराळा: लांबट, वाकलेला, केंद्रकाच्या शेजारी आडवा पडलेला, आणि केंद्रकाला एका बाजूला ढकललेलं. पाण्यातल्या कासवांत त्याचा प्रसार जळवांमार्फत होतो. दुकानातून आणून घरातच वाढलेल्या स्लायडरमध्ये तो दिसण्याची शक्यता कमीच, आणि थोडे दिसले तरी कासव बहुधा ठणठणीत असतं.

केंद्रकवाल्या तांबड्या पेशीचा संशोधकांना मोठा फायदा होतो. माणसाच्या रक्तात डीएनए मिळवायला पांढऱ्या पेशींवर भिस्त ठेवावी लागते. कासवात रक्ताचा एक थेंब म्हणजे डीएनएचा भरलेला साठा. किनाऱ्यावर आलेली मादी कोणत्या गटातली हे तपासायला तेवढं पुरतं.

पायरी ७: थ्रॉम्बोसाइट की लिंफोसाइट

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन्ही लहान, दोन्हींचं केंद्रक गडद. थ्रॉम्बोसाइट रक्त गोठवणारी, म्हणजे प्लेटलेटचं काम करणारी; लिंफोसाइट रोगप्रतिकाराची. थ्रॉम्बोसाइटला पांढऱ्यात मोजलं की एकूण आकडा फुगतो आणि नसलेला आजार दिसायला लागतो.

केंद्रक सोडा, पेशीद्रव बघा. थ्रॉम्बोसाइटचं पेशीद्रव जवळजवळ रंगहीन, काचेसारखं, कधी एक-दोन पोकळ्या असलेलं. लिंफोसाइटभोवती फिक्या निळ्या रंगाची बारीक कड असते आणि ती शेजारच्या तांबड्या पेशीला चिकटून तिच्या आकाराप्रमाणे वळलेली दिसते. थ्रॉम्बोसाइट बहुतेक वेळा लांबट आणि घोळक्याने असतात, लिंफोसाइट गोल आणि एकेकट्या. तरीही ठरत नसेल तर त्या पेशीचा नाद सोडून पुढे जा. दोनशेत दोन पेशी सुटल्याने निदान बदलत नाही.

पायरी ८: दाणेदार पेशी आणि कानातली गाठ

माणसात जंतू गिळायचं जे काम न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी करते ते कासवात हेटेरोफिल करतो. मोठी गोल पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं, आणि आत दोन्ही टोकांना निमुळते विटकरी-नारिंगी कण खच्चून भरलेले. इओसिनोफिलही नारिंगीच, पण त्याचे कण गोल. रंगावरून फरक कळत नाही. कणांचा आकार बघण्यासाठी फोकस वर-खाली करत राहा.

हेटेरोफिलमध्ये न्यूट्रोफिलसारखी पू पातळ करणारी विकरं पुरेशी नसतात. म्हणून कासवाचा पू वाहत नाही, घट्ट होतो. स्लायडरच्या डोक्याच्या एका बाजूला, डोळ्याच्या मागे फुगवटा येतो तो कानाचा गळू. चीर दिली की आतून सुकलेल्या पनीरसारखा पिवळट गोळा अखंड निघतो. नुसत्या प्रतिजैविकाने हा गोळा विरघळत नाही, औषध त्याच्या पोटात पोचतही नाही. तो कोरून काढावाच लागतो. याच्या मुळाशी बरेचदा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असते. सुकी कोळंबी किंवा एकाच प्रकारचे रंगीत दाणे वर्षानुवर्षं खाणाऱ्या कासवात कान, डोळे आणि श्वासमार्गाचं नाजूक अस्तर जाड, खरखरीत होतं, नळ्या तुंबतात आणि जिवाणूंचं फावतं. सुजून मिटलेले डोळे हे त्याचंच दुसरं रूप. पण म्हणून मालकाने मनाने जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ नये. ‘अ’ जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

स्लाइडवर हेटेरोफिल फक्त मोजू नका, त्यांची तब्येत बघा. पेशीद्रव निळं पडलंय, पोकळ्या आल्यात, कण विरळ झालेत, तर अंगात जोरदार जंतुसंसर्ग आहे, मग एकूण संख्या नेहमीसारखी का असेना. आजारी कासवात संख्या वाढेलच याची खात्री नसते, त्यामुळे पेशीचा चेहरा आकड्यापेक्षा आधी बोलतो.

बेसोफिल लहान, गोल, गर्द जांभळ्या कणांनी केंद्रक झाकलेलं. माणसाच्या रक्तात तो शोधून सापडत नाही. गोड्या पाण्यातल्या काही कासवांत पांढऱ्या पेशींपैकी ४० टक्क्यांपर्यंत बेसोफिलच असतात. ते बघून घाबरू नका. मोनोसाइट सगळ्यांत मोठी, राखाडी-निळी; जुनाट दाहात वाढते.

पायरी ९: मोजणी

दोनशे पांढऱ्या पेशी प्रकारवार मोजा. शंभरावर थांबायचा मोह होतो, पण कमी असलेल्या प्रकारांचा अंदाज त्यात कच्चा राहतो.

एकूण संख्येसाठी दोन मार्ग. स्मिअरवरचा अंदाज: ४० एक्सवर दहा क्षेत्रांतल्या पांढऱ्या पेशी मोजून सरासरी काढा आणि तिला भिंगाच्या शक्तीच्या वर्गाने, म्हणजे १६०० ने गुणा. दहा क्षेत्रांत ५० पेशी मिळाल्या तर सरासरी ५, संख्या ८००० प्रति मायक्रोलिटर. पक्की मोजणी हवी तर नॅट-हेरिक द्रावण वापरा: १ भाग रक्त, २०० पट विरलन, ५ मिनिटं थांबून न्यूबॉअर चेंबरमध्ये (चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेत) भरायचं. नऊही मोठ्या चौकोनांतल्या पांढऱ्या पेशी मोजा, त्यात १० टक्के मिळवा आणि २०० ने गुणा. ३६ पेशी मिळाल्या तर ३९.६ गुणिले २००, म्हणजे सुमारे ७९००. त्याच चेंबरमध्ये मधल्या मोठ्या चौकोनातले चार कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच छोटे चौकोन मोजून तांबड्या पेशी मिळतात. तिथे १०,००० ने गुणायचं. ५५ आल्या तर साडेपाच लाख.

पॅक्ड सेल व्हॉल्यूमसाठी रक्ताने भरलेली केशनळी (केसासारखी बारीक काचनळी) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. कासवात २० ते ३५ टक्के हा साधारण पल्ला. समजा २६ आला. मग पेशीचं सरासरी आकारमान २६ गुणिले १० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे ४७० फेम्टोलिटर. माणसात हाच आकडा ८० ते १०० असतो. केशनळी फेकण्याआधी वरचा द्रव बघा. पिवळा असेल तर आहारातल्या रंगद्रव्यांचा. दुधट, गढूळ असेल आणि मादी मोठी असेल, तर ती अंडी धरतेय का विचारा; यकृत तेव्हा बलकाचं साहित्य रक्तात सोडत असतं आणि कॅल्शियमही चढतं. त्या मादीला यकृताचा आजार चिकटवू नका.

पायरी १०: सगळं एकत्र मांडणं

उदाहरणादाखल एक कागद घेऊ: मादी स्लायडर, जानेवारी, पाणी १६ अंश, आठवडाभर खाणं बंद, डोळे सुजलेले. लिंफोसाइट कमी, हेटेरोफिल प्रमाणाने जास्त पण त्यांच्यात पोकळ्या नाहीत, पॅक्ड सेल व्हॉल्यूम २१. इथे पहिलं औषध हीटर आहे. पाणी हळूहळू २६ अंशांवर आणा, ऊन खायची कोरडी जागा द्या, आहार सुधारा आणि पशुवैद्याकडून डोळ्यांवर उपचार करून घ्या. प्रतिजैविक लागलं तरी थंड कासवात ते नीट पसरत नाही, त्यामुळे ऊब आधीच हवी. हेटेरोफिलमध्ये निळेपणा आणि पोकळ्या असत्या, तर मात्र संसर्ग कुठे आहे ते शोधायला थांबून चालत नाही.

रक्तातलं लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर पेशींत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं रूप) तपासणार असाल तर कासव त्याआधी किती वेळ पाण्याखाली होतं आणि किती झटापट झाली ते लिहा. कासवाच्या पेशी प्राणवायूविना तग धरण्यात वस्ताद आहेत. स्लायडरचं भावंड शोभेल असं उत्तर अमेरिकेतलं रंगीत कासव ३ अंशांच्या गोठत्या तळ्यात तीन-तीन महिने प्राणवायूविना काढतं. मेंदूच्या पेशी आपली विद्युत-क्रिया जवळपास बंद करून ऊर्जा वाचवतात, आणि साठणारं लॅक्टिक आम्ल कवच शोषून घेतं. कवच म्हणजे बरगड्या, मणके आणि इतर मिळून पन्नासेक हाडांचा जिवंत सांगाडा, वर केराटिनचे पापुद्रे. या हाडांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट रक्तात उतरून आम्ल मारतात. म्हणूनच कवचाला भोक पाडून दोरी बांधणाऱ्याला ‘त्याला दुखत नाही’ असं म्हणायचा अधिकार नाही; त्या हाडात रक्तवाहिन्याही आहेत आणि चेतातंतूही. जाळ्यात अडकून आलेल्या समुद्री कासवाच्या रक्तात लॅक्टेट वाढलेलं असणारच. ते दोन-तीनदा मोजून उतरतंय की नाही हे बघायचं.

माणसाच्या रिपोर्टवरचे ‘नॉर्मल’ आकडे इथे कुठेही लावू नका. पुस्तकातले कासवाचे पल्लेही रुंद असतात, कारण जात, वय, ऋतू, सगळंच त्यात मिसळलेलं असतं. सगळ्यात भरवशाची तुलना म्हणजे त्याच कासवाची, त्याच महिन्यातली, ते बरं असतानाची स्लाइड. म्हणून निरोगी कासव नखं कापायला आलं तरी मालकाची परवानगी घेऊन एक स्मिअर करून ठेवावा.

ठेवायच्या स्लाइडवरचं तेल झायलीनने टिपून काढा, घासू नका. पूर्ण वाळल्यावर डीपीएक्सचा (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रवाचा) थेंब आणि कव्हरस्लिप. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि जूनच्या आधी ती बदला, नाहीतर स्टेनवर बुरशी धरते. लेबलवर तारीख, जात आणि वजनाच्या खाली पाण्याचं तापमानही लिहा.